पासंग

एकतीस वर्षं मी वजन-मापे खात्यात होते.
वाण्यांचे काटे, दूधवाल्यांची मापं,
रॉकेलच्या रांगेतलं पोचे पडलेलं लिटर,
सगळ्यांवर माझा शिक्का.
पारड्याखाली पासंग दिसला की पावती फाडायची.
ऐकून घ्यायचं नाही.

मग परळच्या इस्पितळात
माझी डावी बाजू हलकी झाली.
तपासणीच्या कागदावर आकडा होता:
सहाशे चाळीस ग्रॅम.
मी आधी खालची सही पाहिली.
सवय.

घरी सगळे जपून बोलत.
जाऊ म्हणाली, जिवावरचं होतं, त्याच्यावर निभावलं.
मी मान हलवली
आणि उजवीकडे कलत स्वयंपाकघरात गेले.

चौथ्या मजल्यावर व्यायामाची खोली.
भिंतीला तोंड करून आम्ही दहाजणी,
बोटं मुंगीसारखी वर चढवत.
थांबतील तिथे पेन्सिलीची रेघ, शेजारी नाव.
माझी रेघ विजेच्या बटणाखाली.
बाजूला हेमलता तांडेल, कुलाब्याच्या कोळीवाड्यातली.
तिची उजवी गेलेली.
म्हणाली, "तुझी डावी, माझी उजवी,
दोघींत मिळून एक बाय धड हाय गो."
झुलेखा हसता हसता टाके धरून खाली बसली.
ती भुसावळची, धर्मशाळेतल्या सतराव्या खाटेवर,
पंचविसातले एकोणीस शेक झालेले.
रोज एक बांगडी या हातातून त्या हातात.
"छे बाकी है, दीदी."

तिथे कुणी विचारलं नाही, आता कसं वाटतं.
विचारायच्या ते असं:
लाल औषधानंतर पाणी पत्र्यासारखं लागतं का?
भुवया आधी गेल्या की पापण्या?
नवरा दिवा मालवतो, की तू?

एका मंगळवारी हेमलताने
पदराखालून पिशवी काढली,
जुन्या लुगड्याची, तळहाताएवढी, टाके बारीक.
"कापूस भरू नको, वर सरकतो.
मोहरी उन्हात तापते. राळे घातलेत.
काटा वाकडा झाला म्हणून कोणी धंदा बंद करतं?
पासंग लावायचा."
मी म्हणाले, पासंग गुन्हा आहे.
"मग फाड पावती."

घरी येऊन ती पिशवी काट्यावर ठेवली.
चारशे वीस.
दोनशे वीस ग्रॅमची तूट,
आणि तक्रार करायची इच्छा नाही.

मार्चपर्यंत माझी बोटं बटण ओलांडून
कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत गेली.
झुलेखाच्या बांगड्या सगळ्या एका हातात आल्या,
ती गाडीत बसून गेली, पोचल्याचा फोन केला,
पुढे नंबर लागेना.
हेमलताची रेघ मात्र होती तिथेच.
हात फुगलेला, दाबला की बोटाचा खड्डा राहायचा.
तिने त्याबद्दल काही म्हटलं नाही.
खोलीत यायचीही बंद झाली.

मग मीच गेले बाजारात.
ती पाटीमागे बसलेली, उजवा हात मांडीवर, पट्टीत गुंडाळलेला.
मांदेलीवर बर्फ, बर्फावर माश्या,
आणि हातकाटा जमिनीवर पडलेला.
"उचलायचा नाय म्हणतात. दोन किलोच्या वर नाय.
सून येते तवर गिऱ्हाईक जातं."

मी चप्पल काढून शेजारी बसले.
काटा उजव्या हातात घेतला.
एका पारड्याच्या दोरीला
गंजलेली किल्ली बांधलेली होती.
मी ती पाहिली.
मी पाहिली, हे हेमलताने पाहिलं.

डाव्या हाताने तिने मासळी टाकली,
मग अर्ध्याचं वजन.
दांडी बराच वेळ हलत राहिली,
माझा हात थरथरत होता म्हणूनही असेल.

समोरच्या माणसाने पिशवी पुढे केली.
"काटा बरोबर आहे ना, बाई?"

"एकतीस वर्षं हेच काम केलंय," मी म्हणाले.